पहिल्या टोचेचा आकडा

अक्का, तुझ्या दहाव्याला आळंदीच्या घाटावर एकाच सकाळी तीन जणांनी मला एकच वाक्य ऐकवलं. लाखात एखाद्यालाच असं होतं म्हणे. आधी तुझा दीर म्हणाला, मग आपल्या कंपनीच्या बसमधली पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, आणि शेवटी आपले क्वालिटीचे देशमाने साहेब बूट हातात घेऊन, ओल्या पायरीवर तोल सांभाळत, तेच इंग्रजीत म्हणाले. तिघांपुढेही मी नुसती मान हलवली. परत येताना रिक्षात मला स्वतःचाच संताप आला. तू असतीस तर त्या प्रत्येकाला तिथल्या तिथे अडवून विचारलं असतंस, की हे लाख मोजले कुणी आणि त्या एखाद्याची नोंद कुठल्या वहीत आहे.

म्हणून लिहायला बसले आहे. श्रद्धांजलीचा कागद नोटीस बोर्डावर लागलाय, तुझ्या आयकार्डाच्या फोटोसकट. त्या फोटोत तू फोटोग्राफरवर चिडलेली दिसतेस, आणि खरंच चिडली होतीस, कारण त्याने तुला शिफ्ट चालू असताना टेबलावरून उठवलं होतं. मला त्या कागदात भर घालायची नाही. मला तुझ्याशी एक भांडण पुढे चालवायचंय आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. शिवाय गेल्या शुक्रवारी एका अहवालावर माझी सही मागितली होती, ती करताना मी काय केलं तेही तुला कळायला हवं.

तुझी रोहिणी घाटावरून घरी आल्यावर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मॅडम, आई नक्की काय काम करायची? घरी एवढंच सांगायची, मी सुया टोचते. मी शाळेत सांगायचे, माझी आई शिलाईच्या कंपनीत आहे." चौदा वर्षं तू भोसरीहून चाकणला जात होतीस आणि घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. मला तुझा रागच आला. मग मी तिला सांगितलं, की आपल्याकडे गाडीच्या चाकाचा वेग ओळखणारे नखाएवढे सेन्सर बनतात. त्यांच्या पोटात असंख्य बारीक जोड असतात. प्रत्येक जोडात धातूचे दोन थर आणि मधे विजेला अडवणारा एक पापुद्रा. हा पापुद्रा अणूंच्या जेमतेम पाच-सहा थरांएवढा जाड. नियमाने त्यातून वीज जायला नको, पण तो इतका पातळ असतो की अलीकडचा इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता उरते, आणि काही इलेक्ट्रॉन खरंच पलीकडे सापडतात. भोक नसतं, वरून उडीही नसते. तुझी आई सूक्ष्मदर्शकाखाली त्या जोडावर सुई टेकवायची आणि किती वीज पार गेली ते मोजायची.

"म्हणजे भिंतीच्या आरपार?" रोहिणीने विचारलं.

"आरपार," मी म्हटलं.

"आणि हे तिने आम्हाला सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.

अक्का, मी आले तेव्हा तू मला काय मानत होतीस हे मला ठाऊक आहे. निगडीहून स्वतःच्या गाडीने येणारी, डॉक्टरेटवाली, टेबलावर कोपर टेकवून उभी राहणारी बाई. महिन्याभरातच मी तुझा समज खरा करून दाखवला. आपल्या टेबलावर तेव्हा पद्धतच होती, की आकडा ठरलेल्या पट्ट्याबाहेर आला की सुई उचलायची आणि पुन्हा टेकवायची. दुसऱ्यांदा नीट आला तर झालं. नाही आला तर विजेचा दाब थोडा वाढवून बघायचं, जोड शॉर्ट निघाला, म्हणजे वीज न अडता सरळ वाहू लागली, की पुढे 'धूळ' असं लिहायचं आणि सोडून द्यायचं. कॉम्प्युटर फक्त शेवटची टोच लक्षात ठेवतो, आधीचा आकडा पुसून टाकतो. म्हणून तू तुझ्या शाळकरी वहीत पहिल्या टोचेचा आकडा हाताने लिहून ठेवायचीस, आणि फार मोठा असेल तर लाल पेनाने. मी एक दिवस ती वही उघडली, लाल आकड्यांचे सगळे जोड एका दुपारी दाब वाढवून पुन्हा तपासून काढले. एकूण एक शॉर्ट निघाले. प्रत्येकासमोर मी धूळ लिहिलं आणि मोठ्या समाधानाने तुला दाखवलं.

तू वहीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "साक्षीदार मारलेस की बाई तू," म्हणालीस.

मला काही कळलं नाही. तू समजावलंही नाहीस. पुढचे तीन आठवडे बसमधे तुझ्या शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायचीस, म्हणजे मी तिथे बसू नये. मी तरीही गाडी घरी ठेवून बसनेच येत राहिले, कारण तोपर्यंत मलाही चीड आली होती. शेवटी एका संध्याकाळी चाकणच्या चौकात बस तासभर अडकली. आपलं अर्धं क्वांटम फिजिक्स त्या कोंडीतच झालंय. तू पिशवी उचलून मांडीवर घेतलीस आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागलीस.

"भाकरी थापतीस का कधी?"

"नाही."

"मंग ऐक. कितीबी सारखी थापली तरी एखाद्या जागी पातळ राहतीच. तव्यावर टाकली की तीच जागा आधी करपती. तू काय केलंस, भाकरी करपूस्तोवर भाजलीस आन म्हणालीस, इथं तव्यावर घाण होती."

अक्का, माझ्या प्रबंधात हे समीकरण होतं. पापुद्र्याची जाडी एका अणूने कमी झाली की पार जाणारी वीज कितीतरी पटींनी वाढते. म्हणून ज्या जोडात एखादी जागा जराशी पातळ राहिली आहे, तिथली जवळजवळ सगळी वीज त्या एका जागेतूनच जाते. दाब वाढवला की तीच जागा जळते आणि जोड शॉर्ट होतो. हे मी लिहिलं होतं, त्यावर तोंडी परीक्षा दिली होती, त्याची मला पदवी मिळाली होती. तरीही समोर आल्यावर मी त्याला धूळ म्हटलं. तू बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडून, लग्न होऊन धाराशिवकडून इथे आलीस आणि सुईखाली बघून तुला ते कळलं. मला लाज वाटली, आणि त्या दिवसापासून तुझ्याबद्दल जी माया वाटली ती तुला कधी बोलून दाखवली नाही. आपल्यात तसं बोलायची रीतच पडली नाही, आपण भांडत राहिलो.

नंतर तू मला वहीतला खरा मामला दाखवलास. तू आकड्यांची सरासरी कधीच काढायची नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "काढून बघितली की. जो आकडा येतो तो एकाबी जोडाचा नसतो." दोन-चार पातळ जोड इतकी वीज नेतात की सरासरी त्यांच्याच बाजूला ओढली जाते, आणि बिचारे बाकीचे सगळे तिच्या खूप खाली राहतात. म्हणून तू आकडे त्यांच्या लांबीप्रमाणे मांडायचीस. तीन अंकी एका ओळीत, चार अंकी दुसऱ्या, पाच अंकी तिसऱ्या. असं मांडल्यावर मधे फुगलेला आणि दोन्हीकडे उतरत जाणारा एक छान ढीग दिसायचा. लाल आकडे त्या ढिगापासून तुटलेले नव्हते, त्याच्याच उताराला होते. शिकलेली माणसं याला लॉग घेणं म्हणतात. तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू फक्त शून्यांवर बोट ठेवून मोजत होतीस.

"ही ढिगाची कड हाय," तू म्हणाली होतीस. "कड कापून टाकायला सांगतेत. कड कापली की आतलं कड होतंय, कळतंय का?"

मला कळलं. वर कुणाला कळलं नाही, किंवा कळूनही कळलं नाही. हे जोड ज्यांवर बनतात त्या प्रत्येक चकतीवरचे आपण थोडेच जोड मोजतो, बाकीचे न मोजता गाड्यांमधे जातात. मोजलेल्यातले विचित्र आकडे धूळ असतील तर प्रश्न मिटला, धूळ मोजलेल्यांवर होती. पण ते ढिगाचीच कड असतील तर न मोजलेल्यांमधेही तसेच पातळ जोड असणार, आज पास होणारे, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी गाडीच्या चाकाशी तापून तापून जळणारे. म्हणून तू ती वही चालू ठेवलीस आणि मी तुझ्यामागे उभी राहिले. उभी राहिले म्हणजे काय, मीटिंगमधे दोनदा विषय काढला आणि तिसऱ्यांदा गप्प बसले. हेही तुला माहीत होतं. तू त्यावरून मला कधी टोमणा मारला नाहीस, बाकी सगळ्यावरून मारलास.

आता आपलं भांडण. मी तुला म्हणायचे, की पापुद्रा अगदी एकसारखा केला, एकाच जोडावर दिवसभर सुई ठेवली आणि दाब अजिबात हलू दिला नाही, तरी वीज बारीक थरथरतच राहणार. कारण इलेक्ट्रॉन एकेक करून पलीकडे जातात आणि कुठला कधी जाईल याला काही वेळापत्रक नाही. सरासरी किती जातील ते सांगता येतं, हाच का गेला आणि तो का नाही, याला उत्तरच नाही. तिथे फक्त चान्स आहे.

तुला हे अजिबात पटायचं नाही. "कोण जाणार ते ठरलेलं नाही म्हणतीस. पण किती जाणार ते ठरलेलं हाय. मंग त्यांना मोजून सोडायलंय कोण?"

"कोणीच नाही."

"कोणी नसताना मेळ बसतोय?"

"बसतो. थोडा पुढेमागे होतो, आणि किती पुढेमागे होणार तेही सांगता येतं."

"कारण सापडलं नाही म्हणजे कारणच नाही, असं लिहून देतीस का बाई मला? सही करून?"

मी हसायचे. तू हसायची नाहीस. मोशीच्या पुढे तुला झोप लागायची, आणि उतरताना दारात थांबून आणखी एखादा मुद्दा सांगायचीस, मागचे लोक ओरडेपर्यंत. मला वाटायचं, मी एका अडाणी हट्टाशी झगडते आहे. तुला वाटायचं, मी आळशी आहे. दोघींचंही थोडं खरं होतं.

आणि आता ते, जे कबूल करायचं आहे.

त्या मंगळवारी तू कामावर आली नाहीस. जेवणाच्या सुट्टीनंतर तुझा फोन आला. मी देशमाने साहेबांच्या केबिनमधे होते, शुक्रवारचा अहवाल ज्या लॉटचा, ज्या मालाच्या खेपेचा होता, त्याचीच चर्चा चालू होती, आणि बाहेर येऊन फोन घेतला तरी माझं अर्धं लक्ष आतच होतं. सकाळपासून पाठीत दोन खांद्यांच्या मधे चमक निघतेय, घराजवळच्या दवाखान्यात गेले होते, पित्ताची गोळी दिली, असं तू सांगितलंस. मग म्हणालीस, "एक गंमत सांगू का बाई? त्या पोरीनं उजव्या हाताला बीपी बघितलं तर लई आलं. मंग डाव्या हाताला बघितलं तर नीट आलं. नीट आलेलं लिवलं तिनं. असं का बरं झालं असंल?"

तू मला कारण विचारत होतीस, अक्का. तू नेहमी कारणच विचारायचीस.

मी म्हणाले, "मशीनचा काहीतरी दोष असेल. चान्स असतो. तू आराम कर."

 मग "बरं, चान्स तर चान्स" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्या रात्री तू गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रोहिणीला आणि मला समजावलं, की छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीचा आतला पदर फाटत गेला होता. अशा वेळी काही जणांत दोन हातांच्या बीपीमधे मोठा फरक पडतो. मी विचारलं, आदल्या दिवशी कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, दुर्मीळ केस आहे, कळूनही वाचतातच असं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्या दवाखान्यातल्या मुलीलाही मी दोष देत बसणार नाही, तिला जसं शिकवलं होतं तसं तिने केलं. पण मला तर तू शिकवलं होतंस. सगळ्या जगात मी एकटी होते जिला तुझ्याकडून ते धडे मिळाले होते, आणि माझ्यासमोर पहिल्या टोचेचा आकडा येऊन उभा राहिला तेव्हा मी पुन्हा एकदा धूळ लिहिलं.

हे मी रोहिणीला सांगितलं. तेराव्याच्या दिवशी, भांडी घासताना. ती बराच वेळ नुसती पातेल्यावर हात फिरवत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आई चान्स तर चान्स असं म्हणाली? ती असं कधी म्हणायची नाही हो." मी म्हटलं, माझ्यासाठी म्हणाली, मी घाईत होते म्हणून. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता एक नीट ऐक. तू गेलीस म्हणून मी भांडण सोडणार नाही आणि तुला जिंकूही देणार नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तू चूकच आहेस. तिथे कारण नाही, कितीही खोल गेलं तरी नाही, आणि हे मी सही करून द्यायला तयार आहे. पण चान्स हा शब्द तोंडातून काढायचा हक्क फुकट मिळत नाही, हे मला तुझं मान्य आहे. आधी सगळे आकडे लिहायचे, आवडलेले आणि न आवडलेले, पहिल्या टोचेचे. मग ढीग बघायचा. मग हिंमत असेल तर म्हणायचं, की इथून पुढे चान्स. घाटावरच्या त्या तिघांनी एकही आकडा न बघता तुला लाखातली एक करून टाकलं, आणि त्या शब्दावर सगळे इतके निवांत झाले की चहा मागवला गेला. मी निवांत होणार नाही. वाचली असतीस की नाही मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं मी दैवाच्या नावावर ढकलणार नाही.

तर शुक्रवारचं. देशमाने साहेबांनी लॉटचा अहवाल तयार करून आणला होता. आलेखाची उजवी बाजू छान गुळगुळीत होती, सगळी कड कापलेली. त्यांनी खुर्ची ओढून दिली, तुझ्याबद्दल चार शब्द बोलले, आणि खरंच मनापासून बोलले. मग म्हणाले, "मॅडम, सही करून टाका. ट्रक गेटला उभा आहे."

मी पिशवीतून तुझी वही काढली आणि त्यातले पहिल्या टोचेचे सगळे आकडे टाकून मी केलेला दुसरा अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. खाली चार ओळी लिहिल्या होत्या, की हे आकडे धूळ नाहीत, न मोजलेल्या जोडांमधेही असे निघणार, आणि पूर्ण तपासणीशिवाय हा लॉट पाठवायला माझी संमती नाही. सही आधीच केलेली होती.

"दोन शिफ्ट बसून राहतील," ते म्हणाले.

"बसू देत."

"हे भावनेच्या भरात चाललंय. तुम्हाला धक्का बसलाय, मी समजू शकतो. पण लाखात एखादा सेन्सर..."

"कुठल्या गाडीतला?" मी विचारलं. "गाडीचा नंबर सांगा, मी जुन्या अहवालावर सही करते."

त्यांनी माझा अहवाल जवळ ओढला. ट्रक आज जाणार नाही हे त्यांना कळलं होतं, आणि सोमवारी मला लेखी खुलासा द्यावा लागणार हे मला कळलं होतं.  ते एकेक पान बघत गेले, कड असलेल्या आलेखावर बराच वेळ थांबले, आणि शेवटच्या पानावर आले. तिथे 'मोजणी करणार' असा एक रकाना आहे. आजवर त्यात कधी कुणाचं नाव आलेलं नाही, आपण तिथे विभागाचं नाव टाकतो आणि खाली माझ्यासारख्या कुणाची तरी सही असते. मी तिथे सुमन सुरवसे लिहिलं होतं, तुझं पूर्ण नाव, शाईने.

त्यांनी पेन त्या नावावर टेकवलं. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या आता नाहीत."

"मोजलं तेव्हा होत्या," मी म्हटलं.